देवस्थानाचे विश्वस्त झालात? पहिल्या वर्षात ही कामं करा

माझी विश्वस्त म्हणून निवड झाली त्या संध्याकाळी मला शाल-नारळ मिळाला आणि दानपेटीची एक किल्ली हातात ठेवली गेली. कागद मात्र एकही मिळाला नाही. मीही मागितला नाही, कारण देवाच्या कामात कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं तेव्हा वाटायचं.

चार महिन्यांनी बँकेत सह्या बदलायला गेलो. अधिकाऱ्यांनी धर्मादाय कार्यालयाचा, म्हणजे ट्रस्टची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचा, अनुसूची एकचा उतारा मागितला. तो काढला तेव्हा कळलं, की सरकारी नोंदीत आमच्या ट्रस्टचे सात विश्वस्त आहेत, त्यातले चार हयात नाहीत आणि माझं नाव कुठेच नाही. मधल्या तीन निवडणुका फक्त गावाच्या आठवणीत होत्या. पैसे कुणीही खाल्ले नव्हते. तरी पुढची दोन वर्षं आम्ही कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

१. आपला ट्रस्ट कोणत्या कायद्याखाली येतो ते बघा

राज्यातली बहुतेक देवस्थानं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असतात. पूर्वी यालाच मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणत, त्यामुळे जुन्या कागदांवर ते नाव दिसलं तर गोंधळू नका. जैन मंदिरं, चर्च, गुरुद्वारा आणि मठांचे अनेक ट्रस्टही याच कायद्याखाली असतात. वक्फ संस्थांसाठी वेगळा कायदा आणि वेगळं मंडळ आहे. काही मोठ्या देवस्थानांना विधिमंडळाने स्वतंत्र कायदे केले आहेत. पंढरपूरसाठी १९७३चा, प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी १९८०चा आणि शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी २००४चा कायदा आहे. तिथल्या नेमणुका आणि अधिकार त्या त्या कायद्यात बघावे लागतात. पुढचं सगळं १९५०च्या कायद्याखालच्या साध्या ट्रस्टसाठी आहे.

नोंदणी क्रमांकाआधीचं अक्षरही बघून ठेवा. हिंदू धार्मिक न्यासांना ‘ए’ असतं. ‘एफ’ असेल तर तुमची संस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली आहे. मग सभासद यादी, सर्वसाधारण सभा आणि कार्यकारिणी यांचे नियमही तुम्हाला लागू होतात.

२. कागद गोळा करा

सत्काराचे हार सुकण्याआधी एक फाइल करा. तिच्यात एवढं हवं:

- नोंदणी प्रमाणपत्र
- अनुसूची एकचा ताजा उतारा. कार्यालयात सगळे याला ‘पीटीआर’ म्हणतात.
- न्यासपत्र, घटना किंवा मंजूर योजना (धर्मादाय कार्यालयाने मंजूर केलेली कारभाराची नियमावली), जे असेल ते. प्रमाणित प्रत घ्या. कुणाच्या तरी घरातल्या झेरॉक्सवर भिस्त ठेवू नका.
- प्रलंबित बदल अर्जांची (विश्वस्त, पत्ता वगैरे बदलल्याचं कळवणाऱ्या अर्जांची) यादी, क्रमांक आणि पुढची तारीख
- निदान मागच्या पाच वर्षांचे ऑडिट अहवाल
- इतिवृत्ताच्या सगळ्या जुन्या वह्या
- ट्रस्टचं पॅन कार्ड आणि आयकर नोंदणीचा आदेश
- सर्व बँक खाती व मुदत ठेवींची यादी, पावत्यांसह
- जमिनीचे सातबारा, मिळकत पत्रिका, भाडेकरार
- दागिने आणि भांड्यांची नोंदवही
- चालू व वापरलेल्या पावतीपुस्तकांची यादी

हे सगळं एका दिवसात मिळणार नाही. आमची एक इतिवृत्ताची वही माजी चिटणीसांच्या घरी देवघराच्या कपाटात निघाली. ती त्यांनी जपलीच होती, फक्त कुणी मागितली नव्हती. प्रेमाने मागा, आणि मिळेल त्याची पोच लिहून द्या.

३. घटना एका बैठकीत मोठ्याने वाचा

सर्व विश्वस्त असताना घटना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. तासाभराचं काम आहे. विश्वस्तांची कमाल-किमान संख्या, मुदत, निवड कोण करतं, सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, कोरम किती, खर्चाचे अधिकार कुणाला, हे एका पानावर काढून ठेवा. ‘आपल्याकडे असंच चालत आलंय’ असं ज्याला आम्ही म्हणत होतो, त्यातल्या निम्म्या गोष्टी घटनेच्या विरुद्ध निघाल्या. वहिवाटीला कायद्यात मान आहे, पण लिखित तरतुदीला बाजूला सारण्याइतका नाही.

घटनाच नसेल, किंवा पन्नास वर्षांपूर्वीच्या घटनेत आज कारभार बसत नसेल, तर कलम ५०अ खाली योजना तयार करून घेण्याची सोय आहे. त्याला वेळ लागतो. म्हणून हा विषय पहिल्या वर्षी नुसता नोंदवून ठेवा, आधी पुढचं काम करा.

४. बदल अर्ज: इथेच बहुतेक ट्रस्ट अडकतात

कलम २२ सांगतं, की धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या कुठल्याही नोंदीत बदल झाला तर तो झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचा. विश्वस्ताचा मृत्यू, राजीनामा, नवी निवड, पत्ता बदलणं, जमीन मिळणं किंवा जाणं, सगळं यात येतं. निवडणूक झाली, गुलाल उधळला, की काम संपलं असं आपण समजतो. नोंदवहीच्या दृष्टीने ते तिथे सुरू होतं.

अर्ज अनुसूची तीनच्या नमुन्यात असतो आणि एक विश्वस्त ‘अहवाल देणारा’ म्हणून तो सादर करतो. सोबत साधारण हे लागतं:

- सभेची सूचना आणि ती सर्वांना पोहोचल्याचा पुरावा
- इतिवृत्त व ठरावाची प्रत, हजेरीच्या सह्यांसह
- नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, ओळखीचे व पत्त्याचे पुरावे
- जुन्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले
- प्रतिज्ञापत्र
- उशीर झाला असेल तर कारणांसह विलंब माफीचा अर्ज

यातल्या पहिल्या ओळीवर सर्वात जास्त अर्ज पडतात. ठराव चांगला असतो, निवड एकमताने झालेली असते, पण सूचना दिल्याचा कागद नसतो. मग वर्षभराने कुणी हरकत घेतली, ‘मला सभेचं कळवलंच नाही’ म्हणून, की तुमच्याकडे उत्तर नसतं. सूचना हातोहात देऊन वहीवर सही घ्या, बाहेरगावच्यांना स्पीड पोस्टाने पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर जरूर टाका, पण तेवढ्यावर थांबू नका.

दुसरी अडचण साखळीची. २०१०ची निवड मंजूर झालेली नसेल, तर त्या मंडळाने घेतलेली २०१५ची निवड कशावर उभी राहणार? आमचे तीन अर्ज असे एकात एक अडकले होते. जुन्यापासून सुरुवात करून एकेक सोडवावे लागले, आणि मृत विश्वस्तांच्या घरी जाऊन दाखले मागताना फार अवघडल्यासारखं झालं. वकील घ्यायचा असेल तर या कार्यालयात रोज काम करणारा घ्या. दिवाणी दाव्यात हुशार असलेला वकील इथे नवखा असू शकतो.

अर्ज दाखल केला की क्रमांक घ्या आणि तारखा एका वहीत लिहा. गैरहजर राहिल्यामुळे निकाली निघालेला अर्ज पुन्हा उभा करणं नव्या अर्जापेक्षा त्रासाचं असतं.

५. ताबा लिहून घ्या

जुन्या मंडळाकडून नव्याकडे कारभार येतो त्या दिवशी ताबा-यादी करा. रोख शिल्लक मोजून लिहा, किल्ल्या कुणाकडे किती ते लिहा, दोन्ही बाजूंनी सह्या करा. आता यात एक नवी गोष्ट आली आहे. बँक, आयकर आणि धर्मादाय संकेतस्थळाचे ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतात? आमच्या खात्याला दिवंगत खजिनदारांचा नंबर जोडलेला होता आणि तो नंबर बंद झाला होता. ट्रस्टच्या नावाने वेगळं सिम घ्या, कार्यालयात ठेवा, पासवर्ड बंद पाकिटात ठेवून त्यावर दोघांच्या सह्या करा.

धनादेशावर कायम दोन सह्या हव्यात आणि त्या दोन व्यक्ती एकाच घरातल्या नसाव्यात.

६. दानपेटी, पावती आणि क्यूआर कोड

कायद्याच्या दृष्टीने देव ही व्यक्ती आहे. मालमत्ता देवाच्या नावावर असते, पण देव अज्ञान मुलासारखा मानला जातो, म्हणजे त्याचा व्यवहार दुसऱ्याने सांभाळायचा. आपण त्या मुलाचे पालक. हे एकदा मनात नीट बसलं, की पेटी उघडताना किती माणसं बसवायची, हा प्रश्न उरत नाही.

पेटीला दोन कुलपं लावा, किल्ल्या दोन वेगळ्या विश्वस्तांकडे द्या. उघडण्याचा दिवस आणि वेळ आधी फलकावर लिहा. मोजणीला विश्वस्तांशिवाय निदान दोन भाविक बसवा, दर वेळी वेगळे. बँकेचा कर्मचारी येत असेल तर उत्तमच. नोटा, नाणी, परकीय चलन, दागिने वेगळे लिहून जागेवरच पंचनामा करा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि रक्कम त्याच किंवा दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी बँकेत भरा. ‘जशीच्या तशी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पेटीतून परस्पर फुलवाल्याचे, मांडववाल्याचे पैसे दिले की त्या खर्चाचा आणि त्या जमेचा दोन्हींचा माग संपतो. आधी सगळं बँकेत भरा, मग खर्च व्हाउचरवर करा. उत्सवाच्या गडबडीत हा नियम मोडायचा मोह होतो, म्हणून उत्सवाआधी किरकोळ खर्चाची रक्कम ठराव करून वेगळी काढून ठेवा.

पावतीपुस्तकांना छापील अनुक्रमांक हवेत. कोणतं पुस्तक कुणाला दिलं, कधी परत आलं, याची एक वही ठेवा. परत न आलेलं पुस्तक म्हणजे मोकळा दरवाजा. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच राहू द्या.

क्यूआर कोड स्वतः तपासा. खांबावर चिकटवलेल्या कोडवर एक रुपया पाठवा आणि समोर कुणाचं नाव येतं ते बघा. कुणीतरी सोयीसाठी, अगदी चांगल्या मनाने, स्वतःच्या खात्याचा कोड लावलेला असतो. तो त्याच दिवशी काढा. ट्रस्टच्या चालू खात्याचा कोड लावा आणि महिन्यातून एकदा पुन्हा तपासा, कारण वरून दुसरा कागद चिकटवायला क्षणही लागत नाही.

दात्याने अन्नदानासाठी किंवा जीर्णोद्धारासाठी म्हणून दिलेला पैसा त्याच कामाला लागला पाहिजे. असे निधी कीर्दीत वेगळे दाखवा. कायम निधीत (मूळ रक्कम न खर्चता राखून ठेवायच्या निधीत) देणगी घ्यायची असेल तर दात्याचं तसं पत्र घ्या.

७. दागिने आणि जमीन

कलम ३६ब प्रमाणे सोनं, चांदी, रत्नं, भांडी अशा जंगम आणि सर्व स्थावर मालमत्तेची नोंदवही ठेवायची असते, आणि जंगम वस्तूंचं वर्णन, वजन व अंदाजे किंमत तिच्यात हवी. ‘एक मुकुट, जुना’ ही नोंद चालणार नाही. सोनाराला बोलावून सगळ्यांसमोर वजन करा, प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, नोंदीशेजारी चिकटवा. मालमत्ता बँकेच्या लॉकरमध्ये असेल तर आत-बाहेर जाताना लिहा. पुजाऱ्यांकडे रोजच्या वापराच्या वस्तू असतात. त्यांची वेगळी यादी करून त्यांची सही घ्या. हे करताना त्यांच्यावर संशय आहे असं वाटू देऊ नका. उद्या काही हरवलं तर पहिलं बोट त्यांच्याकडेच जातं, आणि तेव्हा हीच यादी त्यांच्या बाजूने उभी राहते.

जमिनीचे ताजे सातबारे काढा. भोगवटादार म्हणून देवाचं किंवा देवस्थानाचं नाव आहे का? कसणाऱ्याचं किंवा वहिवाटदाराचं नाव हळूहळू मालकाच्या जागी सरकलंय का? इनाम वर्ग ३ म्हणजे देवस्थान इनाम; तिथे हस्तांतरणावर आणखी कडक बंधनं आहेत, महसूल खात्याचा जाणकार सोबत घ्या.

कलम ३६ पाठ करा: धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही, अदलाबदल करता येत नाही, बक्षीस देता येत नाही. शेतजमीन १० वर्षांपेक्षा आणि इमारत किंवा बिगरशेती जागा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही. देवळाभोवतीचे गाळे तोंडी बोलीवर वीस-वीस वर्षं दिलेले असतात आणि भाडं पानसुपारीइतकं असतं. ते एकदम रिकामे करायला निघालात तर गाव दुभंगेल. आधी प्रत्येक गाळ्याची माहिती लिहा, मुदतीतला लेखी करार करा, भाडं बँकेतून घ्या.

कर्ज काढण्यावरही कलम ३६अचं बंधन आहे. सभामंडपासाठी एखाद्या विश्वस्ताने घरचे पैसे घातले आणि ‘नंतर बघू’ म्हटलं, तर तेही ट्रस्टवरचं कर्जच ठरतं.

८. बैठका, आणि आपलीच माणसं

इतिवृत्ताची वही पानांना क्रमांक घातलेली, बांधीव असावी. सुटी पानं नकोत. ठरावाला सूचक, अनुमोदक लिहा. विरोध झाला असेल तर तोही लिहा. त्याच बैठकीत, निदान आठवड्यात सह्या पूर्ण करा. महिन्यांनी घरोघर वही फिरवून घेतलेल्या सह्या वादाच्या वेळी कामाला येत नाहीत.

गावात प्रत्येकाचा प्रत्येकाशी नातेसंबंध असतो. बांधकाम करणारा मेव्हणा असतो, मंडपवाला चुलतभाऊ. म्हणून त्याला काम देऊच नये असं मी म्हणणार नाही. पण नातं आधी बैठकीत सांगा, त्या विषयावर बोलू नका, मत देऊ नका, बाहेर जाऊन बसा आणि हे सगळं इतिवृत्तात लिहायला लावा. दरपत्रकं बंद पाकिटात मागवून सर्वांसमोर उघडा. विश्वस्त किंवा त्याच्या नातेवाइकाला ट्रस्टच्या पैशातून अवाजवी फायदा झाला तर आयकराची सूटही धोक्यात येते, आणि त्याची झळ साऱ्या देवस्थानाला बसते.

९. ऑडिट, अंदाजपत्रक, आयकर

हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि त्यानंतर सहा महिन्यांत ऑडिट पूर्ण व्हायला हवं. ताळेबंद अनुसूची आठमध्ये, उत्पन्न-खर्च अनुसूची नऊमध्ये. अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर भरल्याची पोच फाइलला लावा. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या ट्रस्टने वर्ष सुरू होण्याच्या निदान एक महिना आधी अंदाजपत्रकही द्यायचं असतं, तेच बहुतेक जण विसरतात.

एक युक्ती सांगतो. याच कायद्याखालच्या नियमांपैकी नियम १९ मध्ये ऑडिटरने उत्तरं द्यायच्या प्रश्नांची यादी आहे. ऑडिटरची वाट न बघता ती तुम्हीच जानेवारीत घेऊन बसा. व्यवस्थापकाकडची रोकड वहीशी जुळते का, कलम ३५ सोडून कुठे गुंतवणूक झाली का, विश्वस्तांची संख्या घटनेप्रमाणे आहे का, बैठका नियमित होतात का, कुणी विश्वस्त ट्रस्टचा ऋणको किंवा धनको आहे का, मागच्या वर्षीच्या त्रुटी दुरुस्त झाल्या का. ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का, हाही प्रश्न त्यात आहे. आजच्या भावात ही रक्कम एका दिवसाच्या गवंडीकामात उडते, म्हणून दरपत्रकं घ्यायची सवय छोट्या कामांपासूनच लावा.

पैसे गुंतवताना जास्त व्याजाच्या मागे पतसंस्थेत जाऊ नका. कलम ३५ मध्ये शेड्यूल्ड बँक, टपाल बचत, शासनाने मान्य केलेली सहकारी बँक, सरकारी रोखे असे ठरलेले मार्ग आहेत. ओळखीच्या पतसंस्थेत ठेव बुडाली तर ती तुम्ही चुकीच्या जागी ठेवली, हा ठपका येतो.

आयकराच्या बाबतीत एकच गैरसमज इथे दूर करतो. ट्रस्टचं उत्पन्न करमुक्त असणं आणि दात्याला ८०जीची, म्हणजे देणगीवर कर वाचवण्याची (जुन्या आयकर कायद्यातलं कलम), सवलत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ धार्मिक हेतू असलेल्या ट्रस्टला सहसा ८०जी मिळत नाही; सरकारने अधिसूचित केलेल्या काही देवस्थानांच्या जीर्णोद्धाराचा अपवाद आहे. मंजुरी नसताना पावतीवर ‘८०जी’ छापू नका. मंजुरी असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत नसते. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५चा नवा कायदा लागू आहे, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत. जुन्या क्रमांकांवर न जाता सीएकडून ताजी यादी लिहून घ्या, नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख त्यात ठळक करा. परदेशातून देणगी येणार असेल तर २०१०च्या परकीय अंशदान कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हातात असल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका, मग देणारा आपल्याच गावचा जावई का असेना.

१०. काही खटकलं तर

कायदा विश्वस्ताकडून जी काळजी मागतो ती अवाजवी नाही: स्वतःच्या मालमत्तेची समंजस माणूस जेवढी घेईल तेवढी. पण डोळ्यांसमोर चुकीचं होत असताना गप्प बसणं त्यात बसत नाही. ‘मी फक्त नावाला होतो’ हे उत्तर सुनावणीत कुणी मानत नाही.

आधी कागदांवरून खात्री करा. चौकात, चहाच्या टपरीवर बोलू नका. आरोप एकदा सुटला की मागे येत नाही, आणि अर्ध्या वेळा मामला विसरलेल्या पावतीचा निघतो. मग बैठकीसाठी लेखी प्रश्न द्या आणि तो विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. उत्तर समाधानकारक नसेल तर तुमचा विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. वही देत नसतील तर तेच मुद्दे पत्राने चिटणिसांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. त्यानंतर धर्मादाय कार्यालयाचा मार्ग आहे. कलम ३७ खाली तपासणी होऊ शकते, ४१अ खाली निर्देश मिळू शकतात, ४१ई खाली मालमत्ता वाचवण्यासाठी मनाई हुकूम मिळू शकतो, आणि हिशेब सादर करण्यात सतत कसूर किंवा अपहार असेल तर ४१ड खाली विश्वस्ताला दूरही करता येतं.

राजीनामा देऊन मोकळं होण्याचा विचार मनात येईल. द्यायचाच असेल तर आधी तुमच्याकडच्या किल्ल्या, पावतीपुस्तकं आणि वह्या यादी करून सोपवा, पोच घ्या, आणि राजीनाम्याचा बदल अर्ज ९० दिवसांत दाखल झाला का ते स्वतः जाऊन बघा. तो मंजूर होऊन उताऱ्यावरून नाव निघेपर्यंत नोटिसा तुमच्याच पत्त्यावर येत राहतात.